वळचणीचे पाणी

१

वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही, अशी मराठीत म्हण आहे. छत्तीसगढीतही ती जवळजवळ शब्दशः आढळते: ओरवातीचे पाणी बरेंडीला चढत नाही. ओरवाती म्हणजे वळचण आणि बरेंडी म्हणजे आढे. उलट्या क्रमाने काही घडणे शक्य नाही, लहानाने मोठ्याच्या जागी जाऊन बसणे शक्य नाही, अशा अर्थाने ही म्हण योजली जाते. ती ज्या अनुभवावर उभी आहे तो मात्र घरबांधणीचा आहे. गवती किंवा कौलारू छपरावर पडलेला पाऊस उतारावरून वळचणीला येतो, तेथून पागोळ्यांनी अंगणात पडतो, अंगणातून परसात उतरतो आणि परसातून गावाच्या तळ्याकडे निघतो. या उतरणीच्या वाटेवर त्याला कोठे आणि किती काळ थांबविता येईल, आणि थांबविलेले पाणी कोणाच्या झाडाला मिळेल, हा ज्या प्रदेशात वर्षाचे आठ महिने पाऊस नसतो तेथील संसाराचा पहिला प्रश्न होय.

छत्तीसगढमधील दुर्ग जिल्ह्यात, अहिवाऱ्याजवळ, नंदिनी नगर ही वसाहत आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्याला लागणारा चुनखडक जेथून काढला गेला, त्या खाणींच्या आधाराने ती वसली. दुर्ग शहर शिवनाथ नदीच्या काठी आहे आणि शिवनाथ ही महानदीची सर्वांत मोठी उपनदी. या भागात वर्षाला सुमारे ११०० ते १२०० मिलिमीटर पाऊस पडतो. अहिल्यानगर, सोलापूर, सांगलीकडील अवर्षणप्रवण तालुक्यांत ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हे लक्षात घेतले तर नंदिनीला कोरड्या प्रदेशात बसविणे कोणास चमत्कारिक वाटेल. परंतु प्रदेशाचा कोरडेपणा केवळ वर्षाच्या बेरजेवरून ठरत नाही. पाऊस किती दिवसांत पडतो आणि उरलेल्या दिवसांत जमिनीतून किती ओल उडून जाते, यावरही तो ठरतो. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत येथे वर्षातला बहुतेक पाऊस होऊन जातो. मग माघात हवा कोरडी होते, चैत्र-वैशाखात तापमान ४५ अंशांकडे सरकते आणि दाराशी लावलेल्या झाडाला हाताने पाणी घालण्यावाचून गत्यंतर उरत नाही. शेतातले धान पावसावर निघते. घराजवळची बाग मात्र साठविलेल्या पाण्यावरच जगते. म्हणून घराच्या बागेचा इतिहास हा मुख्यतः पाणी थांबविण्याचा इतिहास आहे.

२

महाराष्ट्रात या इतिहासाची सर्वांत जुनी साक्ष दगडात मिळते. सातवाहनकाळापासून घडत गेलेल्या कान्हेरीच्या लेण्यांत भिक्षूंच्या निवासांलगत पाण्याची टाकी खोदलेली आहेत. लेण्याच्या माथ्यावरील खडकात चर पाडून पावसाचे पाणी त्या टाक्यांत आणले आहे. कान्हेरी व जुन्नर येथील शिलालेखांत या टाक्यांना पोढी असे नाव असून, पोढीचे दान हे लेण्याच्या दानाइतकेच नोंदविण्याजोगे पुण्यकृत्य मानलेले दिसते. विशेष हे की कान्हेरीला पावसाची वाण नाही. तेथे धो धो पाऊस पडतो, परंतु आश्विनानंतर त्या डोंगरात पाणी राहत नाही. पोढी ज्या गरजेतून खोदली गेली ती पावसाच्या कमतरतेची नव्हती, पावसाच्या अल्प मुक्कामाची होती.

हाच विचार पुढे गडांच्या टाक्यांत दिसतो. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लिहिलेल्या आज्ञापत्रात गड बांधण्यापूर्वी पाण्याची पाहणी करावी, पाणी नसेल तर आधी खडक फोडून टाकी बांधावीत आणि केवळ झऱ्यावर विसंबून राहू नये, असा स्पष्ट उपदेश आहे. झरा हा दैवाधीन आणि टाके हे मनुष्याधीन, असा त्यामागील विवेक आहे.

गावातल्या वाड्यांनी हा विवेक निराळ्या रीतीने पाळला. चौसोपी वाड्याच्या चारही छपरांचे पाणी मधल्या चौकात उतरे. पावसाळ्यात पागोळ्यांखाली घंगाळे, हंडे मांडून वापरण्याचे पाणी धरून ठेवण्याची चाल घरोघर होती. पिण्याचे पाणी आडाचे किंवा नदीचे असे. परसातल्या झाडांच्या वाट्याला या दोन्हींपैकी कोणतेच पाणी थेट येत नसे. न्हाणीचे पाणी केळीला आणि कर्दळीला, भांडी घासल्याचे पाणी अळूला, धुण्याचे पाणी नारळाला किंवा शेवग्याला, अशी वाटणी ठरलेली होती. तुळशीला तेवढे पहिले पाणी मिळे. बाकीची बाग दुसऱ्या हाताच्या पाण्यावर वाढत असे. एकाच पाण्याने दोन कामे करावीत, ही काटकसर त्या गृहव्यवस्थेत इतकी मुरलेली होती की तिला वेगळे नाव देण्याची कोणाला गरज वाटली नाही.

३

देशावरून पूर्वेकडे जाताना ही व्यवस्था अधिक विस्तृत होते. नागपूरच्या पुढे वैनगंगेच्या खोऱ्यात, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत, मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जाणारे सुमारे सात हजार तलाव आहेत. त्यांतील कित्येक गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधले. ऊस आणि धान पिकविण्यात हा समाज कुशल होता. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला अशी परंपरा सांगते. या तलावांची परिभाषा आजही तेथील बोलीत जिवंत आहे. मातीच्या बांधाला पाळ, पाणी सोडण्याच्या दाराला तुडुम आणि जादा पाणी वाहून जाण्याच्या सांडव्याला सलंग म्हणतात. मोठ्या तलावाखेरीज शेताच्या वरच्या अंगाला एखाद्या कुटुंबाची लहानशी बोडी असते. तळे गावाचे आणि बोडी घराची, असा हा दुहेरी साठा आहे.

वैनगंगेचे खोरे ओलांडून शिवनाथच्या खोऱ्यात उतरले की भाषा बदलते, पण पाण्याची रचना बदलत नाही. तलावाला तेथे तरिया, बांधाला पार, घाटाच्या पायऱ्यांना पचरी आणि लहान डबक्यासारख्या साठ्याला डबरी म्हणतात. नंदिनीपासून फार लांब नसलेले धमधा हे गोंडांचे जुने ठाणे ‘छै आगर छै कोरी’ तळ्यांचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. कोरी म्हणजे मराठीतली कोडी, अर्थात वीस. आगर म्हणजे मराठीतले आगळे, अर्थात वर. सहा कोड्या आणि वर सहा, म्हणजे १२६ तळी. हाच आकडा रतनपूरसारख्या छत्तीसगढमधील अन्य जुन्या गावांविषयीही सांगितला जातो. त्यावरून तो मोजणीचा कमी आणि समृद्धीच्या कल्पनेचा अधिक असावा. तळे खोदून झाले की त्याचे लग्न लावण्याची आणि मध्यभागी लाकडी स्तंभ रोवण्याची चाल या प्रदेशात आहे. लग्न न झालेल्या तळ्याचे पाणी धर्मकार्याला चालत नाही. तळे हे कुटुंबातले एक माणूस आहे आणि त्याची निगा हे नात्याचे कर्तव्य आहे, असा या विधीचा आशय दिसतो.

ही तळी खोदणारे हात बहुधा ओड लोकांचे. महाराष्ट्रातील वडारांशी या नावाचे नाते जोडले जाते; दोघांचाही परंपरागत व्यवसाय माती-दगडाचा. दुर्गच्या परिसरात गाइली जाणारी दसमत कैनाची लोकगाथा ही तळे खोदणाऱ्या एका ओडनीची गाथा आहे. तिच्यावर राजाची नजर जाते आणि ती राजाला नमत नाही, हा तिचा गाभा. ज्यांनी पाणी थांबविले त्यांची नावे शिलालेखांत नाहीत. या एका गाथेत तरी त्यांच्यातील एक स्त्री नावानिशी उरली आहे.

या दोन खोऱ्यांना राजकीय दृष्ट्या एकत्र आणले ते नागपूरकर भोसल्यांनी. १७४१ मध्ये भास्करपंत कोल्हटकर रतनपूरवर चालून गेले. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहत होते. त्यानंतर सुभेदारांचा अंमल आला. १८१८ ते १८३० या काळातील इंग्रजी देखरेख सोडली, तर १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत छत्तीसगढ मराठी सत्तेखाली होते. तळी मराठ्यांनी निर्माण केली असे म्हणणे चुकीचे ठरेल. ती बहुतांशी त्यांच्या आधीची आहेत. महाराजबाग, तुळशीबाग, तेलंगखेडी, सक्करदरा अशा बागा आणि तलाव यांची हौस खुद्द नागपुरात भोसल्यांनी केली. परंतु खेड्यातले पाणी खेड्याच्याच स्वाधीन राहिले. मराठी वस्तीचा जो पदर या निमित्ताने रतनपूर, रायपूर, दुर्ग या गावांत पसरला, त्याला परसदार या शब्दाच्या जोडीला बाडी हा शब्द मिळाला.

४

बाडी म्हणजे मराठीतली वाडीच. झाडीपट्टीत घरामागच्या अशा जागेला सांदवाडी म्हणतात. छत्तीसगढी खेड्यात घर, त्यामागे कोठार, त्यामागे काट्याच्या कुंपणाची बाडी आणि बाडीच्या कोपऱ्यात घुरुवा, म्हणजे उकिरडा, असा क्रम असतो. जमिनीचा उतार घराकडून बाडीकडे धरलेला असतो. छपराचे पाणी अंगणाच्या कडेने बाडीत शिरते, घुरुव्याला वळसा घालून किंवा त्यातून झिरपून खत बरोबर घेते आणि खालच्या वाफ्यांत पसरते. कोचई, म्हणजे अळकुड्या, हे ओल मागणारे पीक सर्वांत खाली. जिमीकांदा, म्हणजे सुरण, त्याच्या वर. मुनगा, म्हणजे शेवगा, कुंपणाशी, कारण त्याला पाणी कमी लागते. पिकांची ही मांडणी म्हणजे जमिनीवर काढलेला ओलीचा नकाशाच होय.

माती कोणती आहे, यावरही बरेच अवलंबून असते. छत्तीसगढी शेतकरी जमिनीचे चार मुख्य प्रकार मानतो: भाठा, मटासी, डोरसा आणि कन्हार. भाठा ही उंचावरची, मुरमाड, तांबूस जमीन. तीत पाणी ठरत नाही. मटासी पिवळसर असून ती धानाला मानवते. कन्हार ही काळी, जड, ओल धरून ठेवणारी. डोरसा या दोहोंमधली. कन्हार जमिनीत पावसाळ्याची ओल पौषापर्यंत पुरते. भाठ्यावर घर बांधणाऱ्याला बाडीत तळ्याचा गाळ आणून टाकावा लागतो. उन्हाळ्यात आटलेल्या तळ्यातून गाळ काढून तो शेतात आणि बाडीत पसरणे, या एका कामात तळे खोल होत असे, जमीन सुपीक होत असे आणि तिची पाणी धरण्याची ताकद वाढत असे. पाणी साठविण्याचे सर्वांत स्वस्त भांडे माती हेच आहे, हे ज्ञान या रीतीत अनुस्यूत होते.

पावसाळ्यानंतर बाडीला विहिरीचा आधार लागे. उथळ विहिरीवर आडवा वासा टाकून, त्याच्या एका टोकाला वजन आणि दुसऱ्या टोकाला दोर व भांडे बांधून पाणी काढण्याच्या साधनाला छत्तीसगढीत टेढा म्हणतात. कोकणातील आगरांत तशाच साधनाला लाट म्हणतात. टेढ्याने एक माणूस सकाळ-संध्याकाळ मिळून बाडीपुरते पाणी काढू शकतो, त्याहून जास्त नाही. साधनाची ही मर्यादा विहिरीचे रक्षण करीत असे. मरार या बागाईतदार जातीचा निर्वाह अशाच बाड्यांवर चाले. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ मधील ग्रंथात मरारांचा परिचय माळ्यांबरोबरच येतो. इतर घरांतली बाडी मुख्यतः बायकांच्या हातची होती आणि तिच्यातून निघालेली भाजी हा पुष्कळदा त्यांच्या हाती येणारा एकमेव पैसा होता.

या बाडीत एक गोष्ट अशी घडते की ती म्हणीला खोटे पाडते. आषाढात बायका दुध्याच्या आणि भोपळ्याच्या बिया नेमक्या पागोळ्या पडतात त्या ओळीत लावतात. तेथे ओल सर्वांत जास्त असते आणि छपरावरून धुऊन आलेली माती साचलेली असते. भाद्रपदापर्यंत वेल छानहीवर, म्हणजे छपरावर, चढतो आणि कौलांवर भोपळे धरतात. वळचणीचे पाणी आढ्याला जाते ते या एकाच मार्गाने, आणि त्यासाठी कोणाला उपसा करावा लागत नाही.

या व्यवस्थेचे गुणगान करताना तिची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. तळे गावाचे म्हटले तरी गाव म्हणजे कोण, हे जातीने ठरत असे. वेगवेगळ्या घाटांवर वेगवेगळ्या जातींचा वावर आणि काहींना घाटच नाही, ही स्थिती महाराष्ट्रातही होती आणि छत्तीसगढमध्येही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्यावर केलेला सत्याग्रह हा याच स्थितीवरचा आघात होता. तळ्याची पाळ दुरुस्त करण्यासाठी मालगुजार जी माणसे लावी, त्यांतील पुष्कळांचे श्रम बेगारीचे असत. ज्यांना जमीनच नव्हती त्यांना बाडीही नव्हती. त्यांच्या वाट्याला झोपडीची वळचण तेवढी होती. म्हणूनच छपराच्या पाण्याचे मोल वेगळे आहे. तळ्यावर कोणाचा तरी हक्क चालतो, विहिरीवर कोणाची तरी बंदी येते, परंतु आपल्या छपरावर पडलेल्या पावसाला कोणाची परवानगी लागत नाही. पाण्याच्या सर्व साठ्यांत सर्वांत लहान असा हा साठा सर्वांत स्वाधीनही आहे.

५

ही उतरती रचना शंभर वर्षांच्या आत उलटी झाली. त्याची सुरुवात एकोणिसाव्या शतकात झाली. १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला आणि पुढील काही वर्षांतील जमाबंदीने मालगुजारांना गावाच्या जमिनीचे मालकी हक्क दिले. पूर्वी गावच्या वतीने सारा भरणारा माणूस आता मालक झाला. तळ्याचा वापर, निस्ताराचे हक्क आणि दुरुस्तीची जबाबदारी यांच्या रूढी गावाच्या वाजिब-उल-अर्जात लिहिल्या गेल्या. लिहिल्यामुळे त्या टिकल्या हे खरे, परंतु ज्याला त्या पाळणे भाग होते त्याचे हात त्यामुळे अधिक बळकट झाले, हेही खरे.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी छत्तीसगढ उद्ध्वस्त केले. दुष्काळी कामांवर अनेक तळी खोदली गेली. पण सरकारचा निष्कर्ष असा झाला की गावतळ्यांवर भिस्त ठेवता येणार नाही आणि मोठे जलाशय बांधले पाहिजेत. त्यातून बालोदजवळ तांदुळा आणि सुखा या नद्यांच्या संगमावर तांदुळा जलाशय उभा राहिला. तो १९२१ मध्ये पूर्ण झाला. हा निष्कर्ष सर्वस्वी चुकीचा नव्हता. सलग दोन वर्षे पाऊस न पडल्यास गावतळे आटते आणि बोडी त्याआधीच आटते. मात्र मोठ्या जलाशयाचे पाणी कालव्याने येते, कालवा कोणाच्या शेतातून न्यायचा हे कचेरीत ठरते, आणि बाडी ही त्या कचेरीच्या हिशेबात कधीच नव्हती.

स्वातंत्र्यानंतर १९५० च्या कायद्याने मालकी हक्कांचे निर्मूलन झाले आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली. त्या वेळी दुर्ग आणि भंडारा हे दोन्ही जिल्हे एकाच मध्य प्रदेश राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. अन्याय्य अशी पद्धत गेली, हे योग्यच झाले. परंतु तळी सरकारच्या मालकीची झाली आणि पावसाळ्यापूर्वी पाळ कोणी चोपायची, तुडुमाचे लाकूड कोणी बदलायचे, गाळ कोणी काढायचा, या कामांना धनी उरला नाही. हक्कांबरोबर कर्तव्येही गेली. तळी गाळाने भरत गेली आणि त्यांच्या खालच्या अंगाच्या विहिरींचे पाणी खोल जाऊ लागले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासारख्या संस्थेने पुढे मच्छीमार ढिवर समाजाला बरोबर घेऊन काही तलावांत पुन्हा जीव आणला. ज्याचे पोट तळ्यावर आहे त्यालाच तळ्याची निगा करण्याचे कारण असते, हे या कामातून दिसून आले.

६

भिलाईचा करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. लोहखनिज दल्ली-राजहऱ्याहून आणि चुनखडक नंदिनीहून येऊ लागला. झोतभट्टीत चुनखडक खनिजातील वाळूसारखी अशुद्ध द्रव्ये आपल्याकडे ओढून घेतो आणि त्यांची मळी होते. त्याशिवाय लोखंड निघत नाही. कारखान्याला आणि त्याच्या नगराला अफाट पाणी लागणार होते. त्यासाठी शेतीकरिता बांधलेल्या तांदुळ्याचे पाणी भिलाईकडे वळविण्यात आले.

अनेक खेड्यांच्या जमिनीवर हे औद्योगिक जग उभे राहिले. त्यात छत्तीसगढी, तेलुगू, मल्याळी, पंजाबी, बंगाली आणि विदर्भातून आलेली मराठी कुटुंबे शेजारी शेजारी राहू लागली. कारखान्याने दिलेल्या क्वार्टरला पुढे-मागे थोडी मोकळी जागा असे. त्या जागेत प्रत्येकाने आपापला मुलूख लावला: कोणी कढीलिंब, कोणी केळ, कोणी तुळशीवृंदावन, कोणी मुनगा. एका अर्थी बाडी टिकली. बदलले ते तिचे पाणी. नदीचे पाणी धरणात, धरणातून नळाने शुद्धीकरण केंद्रात, तेथून पंपाने उंच टाकीत आणि टाकीतून घरोघर, असा त्याचा प्रवास झाला. वळचणीचे पाणी आढ्याला जाऊ लागले. मात्र वेलीच्या मार्गाने नव्हे, विजेच्या. छपराची जागा सपाट सिमेंटच्या गच्चीने घेतली. गच्चीवरचा पाऊस नळीवाटे गटारात आणि गटारातून वसाहतीबाहेर जाऊ लागला. जे पाणी दारात फुकट पडत होते ते बाहेर घालवायचे आणि दूरवरून खर्चाने आणलेले पिण्याचे पाणी झाडाला घालायचे, ही पद्धत भिलाईचीच नव्हे. पुणे, नागपूर, औरंगाबाद येथील प्रत्येक नव्या वसाहतीने ती स्वीकारली. या नळाने पुष्कळ भले केले, हे विसरता कामा नये. घाटांवरची जात नळाने पुसट केली आणि बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरविला. उणीव राहिली ती एवढीच की नळ आला तेव्हा पागोळी निरुपयोगी ठरविली गेली. दोन्ही एकत्र नांदू शकतात, याचा विचार झाला नाही.

नंदिनीत या उलथापालथीला आणखी एक पदर आहे. चुनखडक हा पाणी धरणारा दगड नव्हे. तो पाणी वाहून नेणारा दगड आहे. त्याच्या भेगा पाण्याने विरघळून रुंद होतात आणि वर पडलेला पाऊस त्यांतून झपाट्याने खाली जातो. खाण जसजशी खोल जाते तसतसे तिच्यात झिरपणारे पाणी उपसून बाहेर टाकावे लागते, आणि ज्या भेगांतून ते झिरपते त्याच भेगा आसपासच्या विहिरींच्याही असतात. मग दगड काढून झालेल्या खाणी सोडल्या जातात आणि उपसा थांबतो. त्यानंतर पाऊस तेथे येऊन बसतो. नंदिनीच्या जुन्या खाणींचे खड्डे अशाच रीतीने तळी झाले. त्यांना पचरी नाही, पार नाही आणि त्यांचे कोणी लग्न लावले नाही. तरीही पाणपक्ष्यांनी त्यांचा स्वीकार केला आहे. २०२१ च्या सुमारास राज्याच्या वनविभागाने या खाणक्षेत्रावर मानवनिर्मित वन लावण्याचे काम हाती घेतले. धमध्याच्या १२६ तळ्यांच्या परिसरात विसाव्या शतकाने, मनात नसताना, काही तळ्यांची भर घातली.

७

आता घराच्या बागेसाठी पाऊस धरण्याचा विचार जगभर पुन्हा होऊ लागला आहे. इस्रायलच्या नेगेव वाळवंटात, जेथे वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो, तेथे नबाती आणि बायझंटाइन काळातील शेतकरी शेताच्या वीस-तीस पट क्षेत्रफळाच्या उघड्या टेकडीवरून वाहणारे पाणी एका लहान शेतात आणीत. मायकेल एवेनारी यांनी अशी शेते अवदात आणि शिवता येथे पुन्हा उभी करून दाखविली, ती भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली त्याच सुमारास. अमेरिकेतील टूसॉन शहरात पाऊस सुमारे ३०० मिलिमीटर. त्या शहराने २००८ मध्ये केलेल्या नियमाने नव्या व्यापारी इमारतींच्या बागांना लागणारे निम्मे पाणी पावसाचे असावे असे ठरविले. तमिळनाडूने २००३ मध्ये सर्व इमारतींना छपराचे पाणी जिरविण्याची सक्ती केली. छत्तीसगढमध्ये २०१९ च्या सुमारास सुरू झालेल्या शासकीय योजनेच्या नावातच नरवा, गरुवा, घुरुवा आणि बाडी हे चार शब्द होते: ओढा, गुरे, उकिरडा आणि परसबाग. राज्यातील सत्तांतरानंतर ती योजना मागे पडली, परंतु बाडी हा विषय प्रथमच कचेरीच्या कागदावर आला.

नंदिनीसारख्या ठिकाणी या गोष्टीचा हिशेब अवघड नाही. ६० चौरस मीटरच्या छपरावर ११०० मिलिमीटर पाऊस पडला तर ६६ हजार लिटर पाणी होते. उडून आणि सांडून पाचवा हिस्सा गेला तरी ५० हजार लिटरांहून अधिक उरते. भाजीच्या ४० चौरस मीटरच्या वाफ्याला सरासरीने दिवसाला २०० लिटर पाणी लागते, म्हणजे २४० कोरड्या दिवसांत ४८ हजार लिटर. एका बेताच्या घराचे छप्पर एका कुटुंबाच्या भाजीला पुरेसे आहे, असा याचा अर्थ. अडचण पाण्याची नाही, भांड्याची आहे. ५० हजार लिटर पाणी मावण्यासाठी पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि दोन मीटर खोल टाके लागेल, आणि ते सर्वसामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर आहे.

येथे जुन्या बाडीचे शहाणपण उपयोगी पडते. बाडीने सर्व पाणी एका भांड्यात भरण्याचा हट्ट कधीच धरला नाही. थोडे रांजणात, थोडे डबरीत, पुष्कळसे मातीत आणि उरलेले तळ्यात, अशी तिची विभागणी होती. वाफा जमिनीपेक्षा वीतभर खाली घेतला, त्यात गाळ आणि कुजलेला पालापाचोळा घातला, वरून वाळलेल्या गवताचे आच्छादन केले, तर ओल पंधरवड्याने अधिक टिकते. गच्चीची नळी गटाराऐवजी झाडाच्या आळ्याकडे वळवायला फारसा खर्च येत नाही. पहिल्या एक-दोन सरींचे धूळमिश्रित पाणी सोडून द्यावे आणि मग धरावे, ही रीत पागोळ्यांखाली हंडे मांडणाऱ्यांना ठाऊक होतीच. न्हाणीचे पाणी केळीला घालण्यास तर पावसाचीही वाट पाहावी लागत नाही.

तरीही घराघराने आपापले पाणी धरले म्हणजे प्रश्न सुटला, असे मानणे हे इतिहासाशी विसंगत ठरेल. बाडीला तळे पाठीशी होते. तळे भरलेले असे म्हणून बाडीची विहीर जिवंत राही. धमध्याची तळी, वैनगंगाकाठच्या बोड्या आणि नंदिनीच्या खाणींतील नवी तळी यांना धनी मिळाल्याखेरीज एकट्या छपराचे पाणी वैशाखापर्यंत पोचणार नाही. जुन्या व्यवस्थेत धनी होता, पण सर्वांना घाट नव्हता. नव्या व्यवस्थेत घाट सर्वांना खुला झाला, पण धनी गेला. या दोहोंतील जे घेण्याजोगे आहे ते एकत्र आणण्याचे काम अद्याप शिल्लक आहे. पाऊस तेवढा दर आषाढात आपल्या वेळी येतो आणि छपरावरून खाली उतरतो. त्याला वळचणीशी कोणी अडवितो की नाही, एवढाच प्रश्न दर वर्षी नव्याने उभा राहतो.